सेफ्टीच्या सर्व्हेत कामगाराच्या मनातलं कळतं का?

बुटीबोरीचा फिटर
आमच्या कारखान्यात या महिन्यात सेफ्टीचा सर्व्हे झाला. "धोका दिसला तर मी काम थांबवू शकतो", यापुढे एक ते पाचपैकी आकडा टाकायचा, पाच म्हणजे पूर्ण पटलं. आमच्या लाइनवर सगळ्यांनी पाच टाकले, कारण फॉर्म वाटणारा सुपरवायझर डोक्यावर उभा होता. गेल्या पावसाळ्यात इंटरलॉक (धोका असला की मशीन आपोआप थांबवणारी सोय) बायपास करून मशीन चालवायला एका पोट्ट्यानं नकार दिला. समोरच्या महिन्यात त्याचा गेटपास रिन्यू झाला नाही. सगळ्यांनी पाहिलं ते. माझं मत: सर्व्हे बंद करा, त्या पैशात मशीनला गार्ड, म्हणजे संरक्षक जाळी, बसवा.

निवृत्त सेफ्टी ऑफिसर
भाऊ, राग रास्त आहे, पण बंद करा हे पटत नाही. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 2004 मध्ये दुखापतींचा आकडा खूप कमी होता. बाहेरच्या सल्लागारांनी कामगारांना विचारलं, तेव्हा आपण इथे मरू शकतो ही भीती लोकांनी बोलून दाखवली. त्याचा अहवाल जानेवारी 2005 मध्ये आला. 23 मार्चला तेलाचा टॉवर ओव्हरफ्लो होऊन स्फोट झाला, 15 माणसं गेली. कापलेली बोटं मोजून टॉवर ओव्हरफ्लो होणार हे कळत नाही. तिथं राबणाऱ्याला ते आधी कळतं.

हिंगण्याचा मेंटेनन्स इंजिनिअर
मग जीव कुणाचा वाचला? अहवाल हातात असून 15 गेले. डीपवॉटर होरायझन या समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवरही मार्च 2010 मध्ये कामगारांना विचारलं होतं, 20 एप्रिलला स्फोटात 11 जण गेले. माणसाच्या मताऐवजी लांबलेली दुरुस्ती, बंद पडलेले अलार्म आणि निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर तपासा. ते कुणाला घाबरत नाही.

निवृत्त सेफ्टी ऑफिसर
रजिस्टर भरतो कोण? तोच घाबरलेला माणूस. दुरुस्तीच्या नोंदी पाहाच, त्यावर वाद नाही. पण जिथं दोन वर्षं एकही निअर मिस नाही आणि सर्व्हेत सगळे पाच आहेत, तिथं मी सगळ्यात आधी जाईन, कारण तिथं लोक घाबरून गप्प असतात. सरासरी काढली की हे दबून जातं. रात्रपाळी आणि दिवसपाळी वेगळी मांडा, खाते खात्याशी ताडून पाहा. साहेब पाच म्हणतात आणि फिटर दोन, ती फट खरी माहिती. ज्यांनी अहवाल वाचून कपाटात ठेवला, दोष त्यांचा आहे.

ठेकेदाराकडचा वेल्डर
आम्हाला फॉर्मच देत नाही. शटडाउनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना, व्हेसलमध्ये (बंद टाकीत) उतरतो आम्ही. आमच्यातले अर्धे छत्तीसगडचे, मराठी फॉर्म वाचणार कसा?

निवृत्त सेफ्टी ऑफिसर
तुमचं खरं आहे, आणि ही चूक मीही नोकरीत असताना केली. ठेक्याच्या लोकांना वगळून केलेल्या सर्व्हेला मी सर्व्हे मानत नाही. बाहेरच्या माणसानं त्यांच्या भाषेत प्रश्न वाचून दाखवावे, नाव किंवा टोकन नंबर घेऊ नये. भोपाळनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. त्यानुसार धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सेफ्टी कमिटी सक्तीची झाली, कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारखे ठेवायचे होते. निकाल आधी त्या कमिटीपुढे ठेवा.

हिंगण्याचा मेंटेनन्स इंजिनिअर
कमिटी चहा पिऊन उठते, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. एका तक्रारीवर पंधरा दिवसांत एक गार्ड बसला, तर मी पुढचा फॉर्म मनापासून भरेन. त्याआधी नाही.

बुटीबोरीचा फिटर
ठेक्याच्या पोट्ट्यांनाही विचारा, हे मी कमिटीतल्या आमच्या माणसाकडून मांडतो. पण ज्याचा गेटपास थांबवला तो परत कामावर येत नाही, तोवर पाचच्या खाली आकडा टाक असं मी कुणाला सांगणार नाही.