लाकडी क्रोशाच्या सुया घरी करतोय, पण सुईच्या गळ्यात लोकर अडकते. आणि भाव किती सांगू?

चिपळूणचा_टर्नर

नमस्कार मंडळी. मी चिपळूणजवळच्या लोट्याला एका कंपनीत एकतीस वर्षं टर्नर होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. आमची मिसेस क्रोशाचं करते, आधी रुमाल तोरणं आसनं करायची, आता नातीसाठी त्या अमिगुरुमी, म्हणजे क्रोशाने विणलेल्या छोट्या भरीव बाहुल्या चालू आहेत. अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक सुईने तिचा अंगठा दुखतो, "दांडा जरा जाड असता तर बरं" असं चार-पाचदा म्हणाली, म्हणून मागच्या पडवीत पडलेला फणसाचा तुकडा घेतला आणि घरच्या छोट्या लेथवर (गोल फिरवून कातायचं यंत्र) एक ५ मिमीची सुई कातून दिली. ती सुई ती भिशीला घेऊन गेली आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला, आता अकरा जणींना पाहिजे आहे.

मी मापात पक्का आहे, व्हर्नियर लावून ५ म्हणजे ५ च देतो. पण मिसेस म्हणते लोकर आत अडकते, टाका काढताना झटका बसतो. मला तर डोळ्याने काही दिसत नाही, गुळगुळीत आहे. दुसरं म्हणजे ४ मिमीच्या दोन केल्या, दोन्ही मानेत (डोक्याखालच्या बारीक भागात) मोडल्या, एक तर माझ्याच हातात. तिसरं, चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळलं तर पांढऱ्या लोकरीला पिवळा डाग पडला, त्यावर घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आणि शेवटचा प्रश्न, भिशीवाल्या विचारतात कितीला देणार. दुकानात साधी सुई पन्नास रुपयाला मिळते, मी शंभर म्हणालो तर चालेल का? लाकूड तर फुकटचंच आहे.

---

लोकरवेडी_मिरज

काका पहिला प्रश्न, तुम्हाला स्वतःला क्रोशे येतं का? रागावू नका पण माझा अंदाज नाही असा आहे 😄

कसं असतं सांगते, सुईत तीन गोष्टी बघतो आम्ही, टोक, गळा आणि गळ्याची खालची कड. टोक फार अणकुचीदार झालं तर लोकरीचा पीळ फोडून मधूनच घुसतं, फार बोथट झालं तर मुक्या खांबाच्या (हा एक आखूड टाका) घट्ट घरात शिरतच नाही. गळा म्हणजे जिथे दोरा बसतो ती खाच, ती उथळ असली की दोरा निसटतो, खूप खोल असली की काढताना अडतो. तुमचा झटका बसतोय तो गळ्याच्या ओठाखाली असणार, तिथे आतून कड राहिली असेल. बाहेरून बोट फिरवून ती कळत नाही, बोट आत जातच नाही ना. कापसाचा बोळा घ्या, थोडा ओढून विरळ करा आणि गळ्यातून सगळ्या बाजूंनी फिरवा, जिथे एक तंतू जरी राहिला तिथे काम बाकी आहे. माझी जुनी नायलॉनची ओढणी आहे मी त्यावर तपासते, ती तर कापसापेक्षा खवचट.

अजून एक, डोक्याचे दोन प्रकार असतात. एकात डोकं दांडीच्याच जाडीचं असतं आणि खाच सरळ आत कापलेली असते, त्याला इनलाइन म्हणतात. दुसऱ्यात मानेपाशी दांडी निमुळती होत जाते आणि डोकं गोलसर असतं, ते टेपर्ड. एकीला एक आवडतं दुसरीला दुसरं, ह्यावरून आमच्या ग्रुपवर भांडणं झालेली आहेत. मिसेसना विचारा त्यांची आवडती जुनी सुई कुठली ती, आणि तीच समोर ठेवून करा. आणि माप अंगठा ठेवतो त्या खोलगट जागेचं नाही, दांड्याचं म्हणजे मुठीचं तर नाहीच, टाका जिथे बसतो त्या मधल्या सरळ दांडीचं. तो सरळ भाग पुरेसा लांब ठेवा, आखूड झाला की टाके जाड भागावर चढतात आणि सगळी वीण सैल.

पण खरं सांगू, तुम्ही शिका. नुसती साखळी आणि एक ओळ मुका खांब, दोन संध्याकाळी पुरतील. पाठीमागे गुरू बसलेलीच आहे.

---

कुडाळकर_सुतार

टर्नर साहेब तुमचं मोडण्याचं कारण लोखंडात शोधू नका 🙂 लोखंडाला सगळ्या बाजू सारख्या, लाकडाला नाही. तुम्ही फळीतून करवतीने चौकोनी काडी काढली असणार आणि ती लेथवर चढवली, बरोबर? काडी सरळ दिसते पण आतल्या रेषा तिरक्या जातात, आणि मानेत आधीच निम्मं लाकूड गेलेलं असतं, तिथे रेष आडवी बाहेर आली की मोडणारच.

करवत बाजूला ठेवा. वीतभर लांबीचा ठोकळा उभा धरा, डोक्यावर कोयता ठेवा आणि वरून लाकडी हातोडीने ठोका. लाकूड स्वतःच्या रेषेतून फाटतं. फाटलेली काडी वाकडी निघाली तर ती चुलीत, सरळ निघाली तीच घ्यायची. वाया खूप जातं पण मग ४ मिमी काय ३.५ पण टिकते. त्याच्या खाली लाकडात जाऊ नये असं माझं मत, बारीक दोऱ्याच्या कामाला स्टीलच बरी.

फणस वाईट नाही, दांड्याला छान, पिवळा असतो तो नंतर गडद तपकिरी होत जातो, लोकांना आवडतं. पण बारीक मापाला शिसव घ्या नाहीतर चिंचेचा गाभा. सागाचा मोह सगळ्यांना होतो, मला सुईला आवडत नाही, कुसळं निघतात. आंबा ओला असेल तर कीड लागते, महिन्याभराने सुईतून भुसा पडायला लागेल आणि गिऱ्हाईक तुम्हाला नावं ठेवेल. कुठलंही लाकूड पूर्ण वाळलेलं पाहिजे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला ठोकळा ठेवायचा, वजन उतरायचं थांबलं की वाळला. दोन्ही तोंडांना मेण लावून ठेवा म्हणजे भेगा जाणार नाहीत.

सावंतवाडीची लाकडी खेळणी बघितली असतील, चन्नपट्टणची पण. चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं लाकूड फिरत असताना त्यावर लाखेची कांडी दाबतात, घासून गरम होऊन लाख वितळते आणि चढते, मग केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. हे तुम्ही दांड्याला करू शकता, लेथ आहेच. पण लक्षात घ्या, लेथ फक्त गोल करते. गळा गोल नाही, तो हातानेच, बारीक गोल कानशीने. आणि तिथे लाख लावू नका, जाड होतं आणि पोपडा निघतो. गळ्यासाठी पॉलिश पेपरची सुतळीएवढी पट्टी कापा, सुई शिकंज्यात हलक्या हाताने धरा (मध्ये कापड घाला) आणि बुटाला पॉलिश करतो तशी पट्टी गळ्यातून मागेपुढे ओढा. १८०, २४०, ४००, मग ६०० नंबरचा पेपर. मधे एकदा ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या, लाकडाचे तंतू केसासारखे उभे राहतात ते परत ४०० ने मारा. हा टप्पा लोक गाळतात आणि मग पहिल्याच घामाने सुई खरखरीत होते.

तेल खोबरेल नको, ते वाळतच नाही. जवसाचं लावा, पातळ हात, अर्ध्या तासाने पुसून काढा, दोन-तीन हात, प्रत्येकामध्ये एक-दोन दिवस सोडा, कच्चं तेल असेल तर अजून जास्त. शेवटी मधमाशीचं मेण. आणि हे वाचून सोडून देऊ नका, जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटतो. दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवा. स्पिरीटमधलं लाखेचं पॉलिश पण चालतं पण सॅनिटायझर लावलेल्या हाताने धरली की चिकट होते.

शिसवाची धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा.

---

रिकामटेकडा_७७

एवढं कशाला, बांबूची करा. फुकट, सरळ, मजबूत.

---

कुडाळकर_सुतार

बांबूची होते, पण गळा कापला की धागे उघडे पडतात आणि तेच लोकरीत अडकतात, दुप्पट घासावं लागतं. करून बघा.

---

दोन_सुया_एक_चहा (पुणे)

काका शंभर रुपये अजिबात नाही. प्लीज. मी चार वर्षं विकतेय, सुरुवातीला मी पण दीडशेला दिल्या आणि सहा महिन्यांनी हिशोब मांडला तर स्वतःच्या खिशातून पॉलिश पेपर घेत होते.

लाकूड फुकट आहे पण वेळ फुकट नाही. माझा हिशोब असा, एका सुईला सगळं धरून दीड तास, तासाचे मी दोनशे धरते, झाले तीनशे. पेपर, तेल, मेण, कापडी पिशवी मिळून पन्नास. साडेतीनशे. आता दहा केल्या की दोन तरी बाद होतात, म्हणजे दहांचा खर्च आठांनी भरून काढायचा, ४३७ येतात. मी ४५० लावते, कुरिअर वेगळं. शिसवाची थोडी जास्त. पन्नासच्या सुईशी बरोबरी करूच नका, जिला पन्नासची चालते ती आपली गिऱ्हाईक नाहीच, आपली गिऱ्हाईक म्हणजे जिचा अंगठा दुखतो ती. निटप्रो कंपनीच्या रंगीत लाकडी सुया बघा, त्या बर्चच्या पातळ रंगवलेल्या चकत्या दाबून चिकटवून करतात म्हणून एकसारख्या आणि मजबूत. तसा एकसारखेपणा आपल्याला जमणार नाही, पण मिसेसच्या हाताच्या मापाचा दांडा कारखाना करून देत नाही. तेच विका. हाताचं माप घ्या, पेन्सिलीसारखी धरते की सुरीसारखी ते विचारा, दांड्याचा आकार त्यावरून बदलतो.

तुमच्या व्हर्नियरवरून आठवलं. मी पण एप्रिलमध्ये कॅलिपर लावून ४.५ लिहून सुया ठेवल्या, तेल नंतर लावलं, जुलैमध्ये प्रदर्शनात एका बाईने पर्समधून गेजपट्टी काढली आणि माझी सुई ४.५ च्या भोकातून जाईना. सगळ्यांसमोर. पावसात लाकूड फुगतं आणि वर तेलाचा थर. तुमच्याकडे तर चिपळूणचा पाऊस. तेव्हापासून मी सगळं झाल्यावर आठवडाभर ठेवून मग मोजते आणि मापाचा शिक्का सगळ्यात शेवटी.

कागदपत्रांचं टेन्शन घेऊ नका. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाला चाळीस लाखांच्या आत जीएसटी नोंदणी लागत नाही, तेवढ्या सुया करायला तुम्हाला अजून एकतीस वर्षं लागतील 😂 बाहेरच्या राज्यात पाठवायला लागलात तर सीएला एकदा विचारा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची) सरकारी साइटवर फुकट होते, कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

---

आयर्लंडची_सून

छान धागा! एकच भर, कोणी शिसम किंवा शिसवाच्या सुया परदेशी विकायचं म्हणत असेल तर आधी नियम बघा, ते लाकूड २०१७ पासून साइटीजच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे आणि विक्रीसाठी पाठवायला कागद लागू शकतात. फणस, चिंच ह्यांना तो त्रास नाही. काका, मला फणसाची ६ मिमी हवी आहे, आई डिसेंबरमध्ये येणार आहे तिच्यासोबत पाठवाल का? चिपळूणचीच आहे ती.

---

चिपळूणचा_टर्नर

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय कारण शिकत होतो.

मिसेसने अट घातली की आधी वीस साखळ्या. पहिल्या दिवशी चौदा झाल्या आणि त्या एवढ्या घट्ट की सुई परत आत जाईना, ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी. तिसऱ्या दिवशी मुका खांब जमला, ओळ सुरुवातीला वीसची होती ती वर जाता जाता सोळावर आली, कुठे गेले चार ते देव जाणे. पण माझीच सुई माझ्याच हातात अडकली तेव्हा समजलं. गळ्याच्या वरच्या ओठाखाली बर (कापल्यावर उरते ती बारीक धारदार कड) राहिली होती. एकतीस वर्षं पोरांना ओरडलो बर काढा बर काढा म्हणून आणि इथे माझ्याच जॉबला बर, आणि ती व्हर्नियरला दिसत नाही. कापसाने लगेच सापडली. पट्टी ओढून काढली, आता झटका नाही, मिसेसने काल त्याच सुईने सशाचा एक कान पूर्ण केला.

कोयत्याने फाडलेल्या फणसातून ४ मिमीच्या तीन झाल्या, अजून शाबूत आहेत. मुद्दाम वाकवून बघितल्या.

भिशीत चारशे सांगितले. साडेचारशे म्हणायचं होतं पण तोंडातून निघेना. आठ जणी तयार झाल्या, तिघी "बघू" म्हणाल्या, त्यातली एक आमची विहीण आहे तिला कदाचित फुकटच द्यावी लागेल, हे तुमच्या हिशोबात कुठे बसतं ताई? आयर्लंडवाल्या ताई, आईंना घरी पाठवा, सहाची करून ठेवतो.

कुडाळकर, चिंचेचा गाभा थोडा मिळेल का तुमच्याकडे? दिवा-सावंतवाडी गाडीने येईन म्हणतो एखाद्या दिवशी.

---

कुडाळकर_सुतार

या की. पडलाय अर्धा ओंडका, दोन वर्षं वाळलाय. येताना ती पहिली फणसाची सुई घेऊन या, आमच्या हिला दाखवायची आहे. आणि कोयता आणू नका, ट्रेनमध्ये उगाच नसती भानगड, माझा आहे.