सही आधी, पैसे नंतर

दुकानाच्या आगीचा दावा साडेचार लाखांचा, विमा कंपनी द्यायला तयार पावणेतीन, आणि तेही ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या डिस्चार्ज व्हाउचरवर (म्हणजे दाव्याची रक्कम मान्य असल्याच्या पावतीवर) सही केल्यावरच. करावी का, असं तुम्ही विचारलंय.

सही आधी मागणं ही नेहमीचीच पद्धत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घोळ ‘पूर्ण व अंतिम’ या शब्दांचा आहे. आयआरडीएआयनं (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) सप्टेंबर 2015 मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलंय की अशा व्हाउचरमुळे ग्राहकाचा जास्त रक्कम मागण्याचा हक्क बुडता कामा नये. सर्वोच्च न्यायालयानंही 1999 च्या अजमेर सिंग कॉटन प्रकरणात म्हटलं होतं की नुसत्या सहीनं ग्राहकाचा दावा संपत नाही. पण (हा ‘पण’ मोठा आहे) दबाव, फसवणूक किंवा दिशाभूल झाली हे दाखवावं लागतं. जेनस पॉवरच्या खटल्यात या विमाधारक कंपनीनं सहीनंतर तीन आठवड्यांनी दबावाची पहिली तक्रार केली, तपशील काहीच दिला नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मान्य केली नाही.

म्हणून सही करायच्या आधीच कंपनीला ईमेल टाका: पैशांची निकड आहे, रक्कम मान्य नाही, उरलेल्या रकमेचा हक्क राखून घेतोय. व्हाउचरवरही तसं हातानं लिहा. एजंट कुरकुर करेल, करू दे. फोटो काढून ठेवा. कोरं व्हाउचर मात्र अजिबात देऊ नका. आमच्या मामांनी गाडीच्या दाव्यात दिलं होतं, आकडा नंतर भरला गेला!

दुकान तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर कंपनीकडे लेखी तक्रार करून पुढे विमा लोकपालाकडेही (विमा तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येईल. फी नाही, वकील लागत नाही.