केळकर संग्रहालयात काय चुकवू नये?

प्रश्न: आठवीतल्या भाचीला पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय दाखवायचे आहे. तिला तलवारींपेक्षा पूर्वीच्या लोकांची करमणूक आणि घरगुती जगणे यांत अधिक रस आहे. तिला काय दाखवावे?

उत्तर १: अडकित्ते. सुपारी कातरण्याच्या एवढ्याशा साधनाला कारागिरांनी पक्ष्यांचे, माणसांचे आकार दिले आहेत, आणि टाचा घासायच्या पितळी वज्रीवरही नक्षी करण्याचा मोह त्यांना आवरलेला नाही. माझ्या मते शस्त्रांपेक्षा हीच दालने अधिक बोलकी आहेत.

उत्तर २: गंजिफा हा जुना पत्त्यांचा खेळही समजावून सांगा. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे एकूण १२० गोल पाने असतात. पत्त्यांच्या ५२ पानांची सवय झालेल्या मुलांना हे ऐकूनच गंमत वाटते. चित्रकथीची चित्रेही पाहावीत, कारण ती भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे, तर एकेक उचलून गोष्ट सांगण्यासाठी काढलेली असत. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल बहुतेक सगळे पाहतातच.

उत्तर ३: नावातला ‘राजा’ म्हणजे कुणी संस्थानिक नव्हे (मीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो), तर दिनकर केळकरांचा अकाली गेलेला मुलगा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी हा संग्रह १९७५ मध्ये राज्य शासनाच्या स्वाधीन केला.