न्यूयॉर्कमध्ये ‘कॉलेज फुकट’? सव्वा लाख डॉलर उत्पन्नाच्या घरांचा हिशेब मांडा

हिशेबी_काका: घरचं एजीआय (करविवरणातलं समायोजित एकूण उत्पन्न) १,२५,००० डॉलरच्या आत असलं की न्यूयॉर्क राज्याच्या एक्सेलसिअर शिष्यवृत्तीमुळे सनीच्या (राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या) कॉलेजात शिक्षण फुकट, हे ऐकून कान किटले. माफ होते ती फक्त ट्यूशन, म्हणजे शिकवण्याचे पैसे, वर्षाला ७,०७०. इतर फी तीनेक हजार, वसतिगृह-जेवण पंधरा हजारांच्या वर, ते भरायचंच. माफी पाव बिलाची, बोभाटा अख्ख्या बिलाचा.

अल्बनीकर: असहमत. राहण्या-खाण्याचा खर्च कॉलेजच्या माथी कशाला? घरून जाणाऱ्याला फी, पुस्तकं आणि प्रवास, बास. वर एओटीसी, म्हणजे कॉलेजखर्चावरची केंद्रीय करसवलत, आहेच: पहिल्या २,००० वर पूर्ण, पुढच्या २,००० वर पाव, म्हणजे २,५०० परत.

हिशेबी_काका: न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्सहून दूरच्या बिंगहॅम्टनच्या सनी कॉलेजात रोज ये-जा करणार? आणि ते २,५०० गृहीत धरू नका. माफ झालेली ट्यूशन एओटीसीत चालत नाही. उरते फी (तीही आरोग्य फी वगळून) आणि पुस्तकं. ती ३,००० झाली तर करसवलत २,२५०.

डबा_पार्टी: काकांचा मुद्दा बरोबर, पण उपाय आहे. ५२९ (शिक्षणासाठीचं करमुक्त बचत खातं) मधून वसतिगृह-जेवण भरा, फी आणि पुस्तकं खिशातून. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि एओटीसी घालवतात, कारण एकाच खर्चावर दोन्ही सवलती मिळत नाहीत. दुसरं, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं बघतात. २०२६च्या फॉलसाठी (शरद सत्रासाठी) २०२४चं, म्हणजे मूल दहावीत असतानाच्या जानेवारीपासून. त्या वर्षी बोनस आला आणि १,२६,००० झाले की सगळं गेलं. पारंपरिक ४०१के (पगारातून निवृत्तीसाठीची करपूर्व बचत) वाढवून एजीआय खाली आणायचं तर त्याच वर्षात, नंतर हात चोळत बसावं लागतं.

अल्बनीकर: हे पटलं. वर्षाला ३० क्रेडिटची (अभ्यासक्रमाच्या एककांची) अटही लिहा, चार क्रेडिटचा एक कोर्स सोडला की गडबड.

हिशेबी_काका: आणि जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं पदवीनंतर न्यूयॉर्कमध्येच राहायचं! सिअ‍ॅटलची नोकरी घेतली की शिष्यवृत्तीचं कर्ज होतं. आपली सॉफ्टवेअरवाली मुलं इथेच थांबणार आहेत का?

अल्बनीकर: होऊ दे की कर्ज. बिनव्याजी आहे काका. पॅरेंट प्लस, म्हणजे पालकांनी घ्यायच्या केंद्रीय शिक्षणकर्जाचा व्याजदर बघितलाय का?