‘रिझर्व्ह ऑब्लिगेशन’ला मराठीत काय म्हणावं?

वेचणी: अमेरिकी सैन्यातून बाहेर पडणाऱ्याला डीडी-२१४ हा कागद मिळतो. त्याच्या सहाव्या रकान्यात ‘रिझर्व्ह ऑब्लिगेशन टर्मिनेशन डेट’ असते. मराठी अनुवादाच्या मसुद्यात ‘राखीव सेवा संपण्याचा दिनांक’ होतं, तपासनिसांनी ‘निवृत्तीचा दिनांक’ केलं. कुठलं ठेवू?

सांगावा: ‘निवृत्ती’ साफ चूक. तिथला करार एकूण ८ वर्षांचा. ४ वर्षं प्रत्यक्ष नोकरी झाली की उरलेली ४ बहुधा ‘इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह’मध्ये जातात. कवायत नाही, महिन्याचा पगार नाही. पण पत्ता बदलला की कळवायचा आणि हुकूम आला की हजर व्हायचं. २००४ साली इराक युद्धासाठी अशांना बोलावलंही होतं. ‘निवृत्ती’ वाचून घरचे पेन्शनच्या मागे लागतील, बोलावण्याचा धोका कुणाच्या लक्षातच यायचा नाही.

केतकी: मग ‘राखीव सेवा’ही नको. सेवा म्हटलं की केल्यासारखी वाटते. ‘राखीव बांधिलकी’ लिहा.

जुनं पान: बांधिलकी मनाची असते. कायद्याचं ते ‘दायित्व’.

केतकी: दायित्व ताळेबंदात शोभतं, शिपायाच्या कागदावर नाही.

सांगावा: सेवा आणि बंधन यांतला फरक आपल्याकडे थेट पेन्शनवर आलाय. नौदलात पूर्वी १० वर्षं नोकरी आणि गरज पडल्यास पुढची १० वर्षं फ्लीट रिझर्व्ह (नौदलाचं राखीव मनुष्यबळ), अशी भरती होती. ३ जुलै १९७६ला सरकारने फ्लीट रिझर्व्हमध्ये घेणं थांबवलं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, १० वर्षं भरली म्हणून खलाशी आपोआप राखीवात जात नाही, तसा वेगळा आदेश लागतो. रिझर्विस्ट पेन्शन नाकारली गेली, स्पेशल पेन्शनचा हक्क तेवढा मान्य झाला. म्हणून ‘राखीव बंधन’ म्हणा.

जुनं पान: ‘राखीव’ शब्दच पटत नाही. राखणे हे ‘रक्ष्’वरून, म्हणजे जपून ठेवलेलं. एसआरपीचा, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचा जवान तर सदा बंदोबस्तावर, तो राखीव कसला?

केतकी: तिथे दल राखीव, माणूस पूर्णवेळ. जिल्हा पोलिसांचं बळ अपुरं पडलं की एसआरपीच्या कंपन्या मागवतात. अमेरिकेतल्या त्या राखीवात माणूस घरी असतो आणि तोच राखीव.

वेचणी: रकाना अरुंद आहे. ‘राखीव बंधन समाप्ती’ चालेल?

जुनं पान: ‘समाप्ती’ कशाला? बंधन ‘उठतं’.