मदत हवी आहे: परवाना-अनुपालन मानकात दुरुस्ती सुचवताना शब्दरचना कशी असावी?

मुक्तस्रोत (ओपन सोर्स) परवान्यांच्या अनुपालनासाठी, म्हणजे त्यांच्या अटी पाळण्यासाठी, असलेले ओपनचेन मानक (आयएसओ/आयईसी ५२३०:२०२०) खुल्या चर्चेतून सुधारले जाते, म्हणून मीही एक दुरुस्ती सुचवू इच्छितो. सॉफ्टवेअरमधील मुक्तस्रोत घटकांची, त्यांच्या परवान्यांसह, यादी तयार करण्याची व सांभाळण्याची प्रक्रिया असावी, असे मानक सांगते. परंतु रेडिस या डेटाबेस सॉफ्टवेअरने २०२४ मध्ये ७.४ आवृत्तीपासून केले तसे एखाद्या घटकाने परवानाच बदलला, तर जुनी नोंद तशीच राहण्याचा धोका उरतो. प्रत्येक आवृत्तीबदलानंतर परवाना पुन्हा तपासावा, असे कलम मला हवे आहे. अडचण अशी की हे मानक ‘काय’ आणि ‘का’ एवढेच सांगून ‘कसे’ आणि ‘केव्हा’ हे संस्थांवर सोडते (आणि ते योग्यच आहे, कारण लहान संस्थांनाही ते पाळता यावे लागते). मग ही सूचना अनिवार्य कलमात मांडावी, की मार्गदर्शक साहित्यात? अनुभवी सदस्यांनी शब्दरचनेचा नमुना दिल्यास आभारी राहीन.