साडेपाच वर्षांची गिनी पिग, अंडाशयात मोठं सिस्ट (पाण्याची पिशवी): ऑपरेशन करावं का?

गवतकाडी_नाशिक
मादी, वय साडेपाच, वजन ९४० ग्रॅम. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत, पण खाज नाही. स्तनाग्रांवर खपली. सोनोग्राफीत उजव्या अंडाशयाला ४.५ सेंमीचं आणि डाव्याला २ सेंमीचं सिस्ट दिसलं. गर्भाशयाबद्दल "थोडं जाड" एवढाच शेरा. लघवीत रक्त नाही. गवत खाते, पण पेलेट (खाद्याच्या कोरड्या गोळ्या) उरायला लागलेत. महिन्याभरात ६० ग्रॅमने उतरली.

एक डॉक्टर म्हणतात, अंडाशय आणि गर्भाशय दोन्ही काढू. दुसरे म्हणतात, वय झालंय, सुईने पाणी काढत राहू. हार्मोनच्या इंजेक्शनचाही विषय निघाला. ऑपरेशन पुण्यात करावं लागेल. वयाचा विचार किती करायचा?

शेपूटविरहित
वयापेक्षा वजनाकडे बघा. ४.५ सेंमीच्या गोळ्यात साधारण ४८ मिली पाणी मावतं. म्हणजे तुमच्या ९४० मधले जवळजवळ ५० ग्रॅम तिचे नाहीतच. सिस्टमध्ये पाणी भरत असताना काटा खाली येतोय, याचा अर्थ अंगावरचं मांस ६० ग्रॅमपेक्षा जास्त झडलंय. पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा. मणके टोचत असतील तर थांबायला फार वेळ नाही.

भूलीची भीती मात्र खोटी नाही. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ दरम्यान झालेल्या मोठ्या पाहणीत भूल दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४, सशांत १.३९ आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के निघालं. आजारी जनावराला धोका आणखी वाढतो. म्हणून "आणखी थोडं वाळू दे, मग बघू" हा सर्वांत वाईट पर्याय. करायचं तर खात-पीत असतानाच करा, नाहीतर करूच नका.

दूर्वा_घाटकोपर
थोडी वेगळी बाजू मांडते. सुईने पाणी काढणं अगदीच वाया जात नाही. सोनोग्राफी बघत काढलं की पोटावरचा दाब त्याच दिवशी उतरतो आणि खाणं सुधारतं. पण सिस्ट काही आठवड्यांत पुन्हा भरतं आणि दर वेळी पाणी पोटात गळण्याचा धोका असतोच. हृदय किंवा मूत्रपिंड खराब निघालं, तर माझं मत याच मार्गाला.

हार्मोनबद्दल फार आशा नको. इंजेक्शनचा उपयोग फॉलिक्युलर, म्हणजे स्वतः हार्मोन बनवणाऱ्या सिस्टला होतो. वयस्क माद्यांत बहुतेक वेळा सीरस, म्हणजे नुसतं पाणी भरलेला प्रकार असतो, तो हार्मोनला दाद देत नाही. तुमच्याकडे केस गेलेत आणि स्तनाग्रांवर खपली आहे, म्हणजे फॉलिक्युलर भाग असू शकतो. तरी ४.५ सेंमीची पिशवी इंजेक्शनने आटेल असं धरून चालू नका.

"थोडं जाड" यावर मात्र अडून बसा. सिस्टसोबत गर्भाशयात गाठ असणं या वयात नेहमीचं. तशी शंका असेल तर कुशीतून फक्त अंडाशय काढण्याची छोटी शस्त्रक्रिया पुरत नाही, पोट मधोमध उघडावं लागतं. छातीचा एक्स-रेही काढून घ्या. गाठ फुप्फुसात पसरलेली दिसली तर ऑपरेशनचा प्रश्न तिथेच मिटतो.

आणि घरी पोट दाबून सिस्ट चाचपू नका, फुटतं.

शेपूटविरहित
सर्जनला विचारायचे प्रश्न: गिनी पिगची अशी ऑपरेशनं किती केलीत? भूल आयसोफ्लुरेनने (श्वासातून द्यायचं औषध) का? पूर्ण वेळ अंगाला ऊब आणि ऑक्सिजन असेल का? भूल देण्याआधी तोंड धुऊन घेता का? (गालात चारा साठलेला असतो, तो श्वासनलिकेत जातो. नळी घालणं या जनावरात अवघड, म्हणून हे महत्त्वाचं.) उताणं झोपवल्यावर सिस्टचा दाब छातीच्या पडद्यावर येतो, त्यासाठी काय करता? टाके आतून घालणार का? बाहेरचे दोरे ती कुरतडते.

गवतकाडी_नाशिक
धन्यवाद. दवाखान्याने आदल्या रात्री १२ पासून उपाशी ठेवायला सांगितलंय. नंतर अमॉक्सिसिलिन सिरप पाच दिवस. हे बरोबर ना?

दूर्वा_घाटकोपर
दोन्ही चूक, ताई. गिनी पिगला उलटी होत नाही, त्यामुळे रात्रभर उपाशी ठेवून काही साधत नाही. उलट आतडं थांबतं. एक-दोन तासांपेक्षा जास्त उपास नको. गवत सोबत न्या, शुद्धीवर येताच समोर ठेवा.

तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन यांनी आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा विषारी जंतू माजतो आणि जनावर जुलाबाने जातं. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चालतं. हे दोन नियम माहीत नसलेल्या ठिकाणी ऑपरेशन करू नका, बाकी कितीही चांगलं असो.

रिकामी_सिरिंज
घरची तयारी आतापासून:

क जीवनसत्त्व. ते गिनी पिगच्या शरीरात बनत नाही, आणि कमी पडलं तर जखम भरत नाही. ५०० मिग्रॅची गोळी कुटून १० मिली पाण्यात मिसळली की १ मिलीत ५० मिग्रॅ होतं. रोज १ मिली, दर वेळी ताजं. पिण्याच्या बाटलीत टाकू नका, तिथे लवकर नासतं. ढोबळी मिरचीचा तुकडा रोज चालू ठेवा.

हाताने भरवणं. क्रिटिकल केअर (आजारी जनावराला पाण्यात कालवून भरवायची तयार पूड) किंवा भिजवून बारीक केलेले पेलेट, दिवसाला साधारण ५० मिली, पाच-सहा वेळांत. १ मिलीची सिरिंज, पुढच्या दातांच्या मागून गालाकडे, थोडं थोडं. घाई केली की छातीत जातं. भरवण्याचा सराव ऑपरेशनआधीच करा.

लेंड्या. २४ तासांत दिसल्याच पाहिजेत. रोज एकाच वेळी स्वयंपाकाच्या काट्यावर वजन करा. त्यासाठी सिस्ट काढल्यानंतरचं वजन दवाखान्यातूनच लिहून आणा, नाहीतर पाण्याचे ५० ग्रॅम कमी झालेले पाहून उगाच घाबराल. त्या आकड्यावरून ८०-९० ग्रॅम उतरली तर लगेच फोन.

वेदनाशामक स्वतःहून बंद करू नका. दुखलं की खात नाही, खाल्लं नाही की आतडं थांबतं. भुशाऐवजी धुतलेलं फ्लीस (मऊ लोकरी कापड) अंथरा. गळ्यात कॉलर नको. जोडीदार असेल तर पहिल्या दिवसापासून जाळीपलीकडे ठेवा.

पुण्याचा प्रवास एप्रिल-मेमध्ये असेल तर पहाटे निघा, गाडीत एसी हवा. ३० अंशांच्या वर यांना उष्माघात होऊ शकतो. आणि त्याच संध्याकाळी परत निघू नका, पहिली रात्र दवाखान्याजवळच काढा.